आठ म्हणजे सव्वाआठ: ऑरहुसमधलं माझं एक सेमिस्टर

मागच्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या एका ज्युनिअर मॅडमचा फोन आला. त्यांना डेन्मार्कला एक सेमिस्टर शिकवायला बोलावलंय आणि त्यांची झोप उडालीय. तासभर बोललो, फोन ठेवला आणि लक्षात आलं की निम्मं सांगायचं राहिलंच. म्हणून लिहून काढतेय, त्यांनाही होईल आणि अजून कोणी जाणार असेल तर त्यालाही.

मी सांगलीत सिव्हिलच्या पोरांना हायड्रॉलॉजी, म्हणजे पाण्याचं शास्त्र शिकवते, सतरा वर्षं झाली. मार्च २०२३ मध्ये डेन्मार्कमधल्या ऑरहुसहून ईमेल आली, ऑगस्ट ते जानेवारी गेस्ट लेक्चरर म्हणून याल का, विषय शहरं आणि पूर. पुराबद्दल सांगलीच्या माणसाला विचारणं म्हणजे काय सांगू! २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं आणि मी वरच्या मजल्यावर सासूबाई, दोन पोरं आणि गव्हाच्या पोत्यासकट बसलेली. त्यावरच एका परिषदेत बोलले होते, ते तिथल्या कुणीतरी ऐकलेलं.

तर आधी कागदपत्रं. तीन महिन्यांच्या वर राहायचं असल्याने साधा शेंगेन व्हिसा चालत नाही, रेसिडन्स परमिट लागतं. फॉर्मचा एक भाग तिकडची संस्था भरते, एक आपण. ऑनलाइन सबमिट केल्यावर १४ दिवसांच्या आत बोटांचे ठसे आणि फोटो द्यावे लागतात आणि ही ओळ मी सहाव्या दिवशी वाचली. मुंबईची अपॉइंटमेंट मिळाली बाराव्या दिवसाची. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास, पंधरा मिनिटांचं काम, परत महालक्ष्मी. तेव्हा आधी अपॉइंटमेंटच्या तारखा बघा, मगच सबमिट दाबा. मंजुरीचं पत्र सहा आठवड्यांनी आलं, तोवर मी रोज सकाळी चहाच्या आधी ईमेल बघायचे आणि हे म्हणायचे, अगं शनिवार-रविवार तरी सोड.

घराचं त्याहून अवघड. ऑगस्टमध्ये अख्खं शहर खोली शोधत असतं. मला एका कोलेगिएटमध्ये म्हणजे हॉस्टेलसारख्या बिल्डिंगमध्ये छोटी खोली मिळाली, भाडं ६,२०० क्रोनर, डिपॉझिट तीन महिन्यांचं, म्हणजे पहिल्या भाड्यासकट २४,८०० क्रोनर आधी पाठवायचे. तेव्हा एक क्रोनर साधारण १२ रुपयांना होता, करा हिशोब. तीन लाख रुपये एका न पाहिलेल्या खोलीसाठी पाठवताना हात थरथरले, खोटं नाही सांगत.

१२ ऑगस्टला, शनिवारी, कोपनहेगनला उतरले आणि तिथून ट्रेनने साडेतीन तास ऑरहुस. सोमवारी संस्थेत गेले, लॅपटॉप मिळाला, किल्ली मिळाली आणि एक कागद मिळाला की आता सीपीआर नंबर काढा. हा नंबर म्हणजे त्यांचं आधार, पण आधारपेक्षा खट. तो नसेल तर बँक नाही, डॉक्टर नाही, पगार नीट नाही. माझी अपॉइंटमेंट गुरुवारी १७ तारखेला डॉक१ मध्ये होती. बंदरावरची ही प्रचंड लायब्ररी, त्यातच नगरपालिकेचा सेवा विभाग. भाडेकरार, पासपोर्ट, परमिटचं पत्र आणि लग्नाचा दाखला घेऊन बसले होते (लग्नाचा दाखला इंग्रजीत करून न्या, मी नेला होता म्हणून बरं) आणि एकदम छतातून घणघण असा एक खोल आवाज आला. मी दचकले. शेजारची बाई हसली आणि म्हणाली, बाळ झालं. तिथे तीन टन वजनाची एक लांबलचक नळीसारखी घंटा टांगलीय, हॉस्पिटलात बाळ झालं की आईबाप तिकडे बटण दाबतात आणि इकडे लायब्ररीत घंटा वाजते. मला नंबर मिळाला त्याच सकाळी त्या बाळालाही मिळाला असेल. दहा आकडी, पहिले सहा जन्मतारीख, शेवटचा आकडा बायकांचा सम आणि पुरुषांचा विषम.

इथे एक टीप, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची. पत्राच्या पेटीवर तुमचं नाव लावा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत नेतो. माझं पिवळं हेल्थ कार्ड असंच एकदा परत गेलं. मग मी पूर्ण नाव, म्हणजे माझं, ह्यांचं आणि आडनाव असं कागदावर लिहून चिकटवलं तर ते पेटीच्या बाहेर आलं. शेजारच्या पोराने पेटीवरच्या आपल्या पट्टीतली अर्धी जागा दिली.

सीपीआरनंतर मिटआयडी, म्हणजे त्यांची डिजिटल सही, मग बँक खातं. बँकेने पाच आठवडे घेतले. त्यात माझी स्वतःची चूक अशी की टॅक्स कार्डासाठी वेळेत अर्ज केला नाही, मला वाटलं संस्था करेल. टॅक्स कार्ड नसेल तर सरळ ५५ टक्के कापतात. पहिली पगाराची स्लिप उघडली तेव्हा मी ऑफिसमध्ये मराठीत मोठ्याने काहीतरी बोलले, काय ते लिहीत नाही. पुढे अर्ज केल्यावर जास्तीचं परत मिळालं, पण तो सप्टेंबर मी घरून आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर आणि रुगब्रॉडवर काढला. हा राय नावाच्या धान्याचा काळा, विटेसारखा जड पाव. पहिल्या दिवशी आवडणार नाही, तिसऱ्या आठवड्यात भाकरीची आठवण येईल आणि मग त्याच्याशिवाय चालणार नाही. चटणी त्यावर फर्स्ट क्लास लागते.

आता पोरं.

पहिलं लेक्चर २९ ऑगस्टला, मंगळवारी, टाइमटेबलवर ८ ते १०. तिकडे तारखांपेक्षा आठवड्यांचे नंबर चालतात, सगळे म्हणतात ३५ व्या आठवड्यात भेटू, ४२ व्यात सुट्टी. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आठवड्याचे नंबर चालू करून घ्या, नाहीतर माझ्यासारखी दर वेळी बोटं मोजाल. तर मी पावणेआठला वर्गात. आठ वाजले, कोणी नाही. आठ पाच, एक मुलगी येऊन शांतपणे विणायला बसली. मी घामाघूम. खोली चुकली असेल म्हणून तिला विचारलं तर ती म्हणाली, नाही, आठ म्हणजे सव्वाआठ. विद्यापीठाचा शिरस्ता आहे म्हणे, लेक्चर सव्वावरच सुरू. आठ चौदाला पंचवीस जणं कॉफीचे थर्मास, सफरचंदं आणि गाजरं घेऊन आत आली आणि आठ पंधराला शांत झाली. म्हणजे वेळ पाळतात, फक्त त्यांची वेळ कुठली ते आपल्याला माहीत पाहिजे.

मी घरून मस्टर नेलं होतं. लाल शाईचं पेनही. यादीत ३८ नावं, समोर पंचवीस, मी हजेरी घ्यायला लागले तर पोरांना कळेना की काय चाललंय. एकाने विचारलं, हे कशासाठी? हजेरीची सक्ती त्या कोर्सला नव्हतीच. मस्टर बॅगेत गेलं ते सांगलीलाच बाहेर निघालं.

आणि नाव. सर-मॅडम काही नाही, सरळ नाव. आता बघा, सासरी मला कोणी नावाने हाक मारत नाही, कॉलेजात मॅडम, गल्लीत काकू, ह्यांची हाक म्हणजे 'अगं'. नावाने हाक मारणारी एक आई होती, ती गेली. आणि इथे वीस-बावीस वर्षांचं पोरगं कॉरिडॉरमधून नावाने हाक मारतंय, तेही उच्चाराची पार वाट लावून. पहिला आठवडा कानाला टोचलं. मग एके दिवशी कोणीतरी मागून हाक मारली आणि मी सहज 'काय गं' म्हणून वळले, तेव्हा समजलं की सवय झाली.

सगळ्यात जड गेली ती शांतता. मी बोलायचे, पोरं ऐकायची, मी विचारायचे समजलं का, काही शंका, आणि समोर पंचवीस निर्विकार चेहरे. आपल्याकडे निदान पहिल्या बाकावरची चार डोकी हलतात. मला वाटलं ह्यांना माझं इंग्रजी कळत नाही किंवा मी आवडत नाही. दोन आठवडे रात्री झोप नाही. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, तू सगळ्यांसमोर एकट्याला विचारतेस, कोण बोलेल? आधी त्यांना सुमे करू दे. सुमे म्हणजे मधमाशांसारखी भुणभुण. शेजारच्याशी दोन-तीन मिनिटं बोला म्हणायचं, मग विचारायचं. पुढच्या तासाला करून बघितलं. वर्गात खरंच पोळ्यासारखा आवाज भरला, आणि तीन मिनिटांनी हात वर यायला लागले, एकदोन नाही, आठ. हे मला कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर दोन आठवड्यांची झोप वाचली असती.

एकदा बोलायला लागली की मात्र सुटका नाही. मी कोयना धरणाबद्दल सांगत होते, बोलताबोलता १०५ टीएमसी म्हणाले आणि पुढे गेले. मागच्या बाकावरच्या उंच पोराने हात वर केला, हे काय युनिट आहे? मी म्हटलं हजार दशलक्ष घनफूट. वर्गात हशा. हजार, दशलक्ष आणि फूट, तिन्ही एकाच युनिटमध्ये! फळ्यावर करून दाखवलं, एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर, कोयना जवळजवळ ३ अब्ज घनमीटर. हशा थांबला. त्यांची सगळ्यात लांब नदी गुडेनो, दीडशे-एक किलोमीटरची, आमची कृष्णा १,४०० किलोमीटर. सगळ्यात उंच डोंगर १७१ मीटरचा, म्हणजे आमच्याकडे त्याला कोणी नावही ठेवलं नसतं.

पण मीही तोंडावर पडले. ढगफुटीला त्यांचा शब्द स्कुब्रुड, आणि स्कु म्हणजे ढगच, म्हणजे अगदी आपलाच शब्द. त्यांच्या हवामान खात्याची व्याख्या अशी की अर्ध्या तासात १५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे स्कुब्रुड. मी म्हटलं, महाबळेश्वरला याला रिमझिम म्हणतात. हसली पोरं. मग विणकामवाली मुलगी, सुया न थांबवता, म्हणाली, म्हणजे तुमच्याकडची गटारं त्या हिशोबाने बांधलेली असतील ना? सतरा वर्षं शिकवतेय, असं कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, नाहीत. ती म्हणाली, का? तो तास त्या 'का' वरच गेला आणि स्लाइडी तशाच राहिल्या. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला दोन तासांत दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला, तळघरं भरली, आणि त्यानंतर त्यांनी पाणी मुरवणारे बगीचे, पाणी साठवणारे चौक असं सगळं आखायला घेतलं. पोरांना ते शाळेत असल्यापासून पाठ. ऑरहुसची नदी तर त्यांनी १९३० च्या दशकात मोटारींसाठी रस्त्याखाली गाडली होती आणि नव्वदच्या दशकात परत उघडायला घेतली. आम्ही तिथे फील्ड ट्रिपला गेलो, आता काठाला कॉफीची दुकानं आहेत. मी बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले, आमच्या गावातल्या बुजवलेल्या ओढ्यांची नावं आठवत.

दर शुक्रवारी केकची पाळी. कागदावर नावं, ज्याची पाळी तो केक आणणार, नाहीतर मोबाइलपेने वर्गणी. सुरुवातीला माझं बँक खातं नव्हतं म्हणून मोबाइलपे नाही, म्हणून मी दर वेळी रोख वीस क्रोनरची नाणी काढायचे आणि पोरं ती पुरातन वस्तूसारखी बघायची. गणपतीत माझी पाळी मागून घेतली. चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, शुक्रवारी नव्हे, मंगळवारी. सुक्या खोबऱ्याच्या किसाला तिकडे कोकोसमेल म्हणतात, कुठल्याही सुपरमार्केटात मिळतो, त्याच्या वड्या केल्या. पोरांनी आधी विचारलं ग्लुटेन आहे का, दूध आहे का, नट्स आहेत का. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावून ठेवायची हे तेव्हा शिकले. वड्या दहा मिनिटांत संपल्या. तास संपल्यावर पोरं जाताना म्हणतात, टॅक फॉर इ डे, आजच्याबद्दल धन्यवाद. रोज. एकेकटी दारातून जाताना. याची मात्र पहिल्या दिवसापासून सवय झाली.

ही पोरं आपल्याकडच्या पोरांपेक्षा मोठी असतात, बारावीनंतर वर्ष-दोन वर्षं काम करून, फिरून येतात. फी नाही, उलट सरकारकडून पैसे मिळतात, तेव्हा महिन्याला सहा हजारांवर क्रोनर मिळायचे, तरी बहुतेक जणं कुठेतरी पार्टटाइम राबतात. एक जण तीन वाजले की उठायचा, मुलीला पाळणाघरातून आणायचं म्हणून. पहिल्यांदा मला राग आला होता, कबूल करते.

४२ व्या आठवड्याच्या सुट्टीआधी मधलं मूल्यमापन. म्हणजे पोरांनी माझं करायचं. मी खोलीत, ती समोर, फळ्यावर दोन रकाने, काय चांगलं आणि काय बदलायचं. चांगल्यात कृष्णेची उदाहरणं, फील्ड ट्रिप, वड्या. बदलायच्यात: स्लाइडवर फार मजकूर. तू फार बोलतेस. आणि त्या उंच पोराचं: तुला उत्तर माहीत असतानाही तू आम्हाला प्रश्न विचारतेस, त्याचा उपयोग काय? सगळं हसतमुखाने, गाजर खात. मी थँक्यू म्हटलं आणि खोलीवर जाऊन ह्यांना फोन लावला. हे म्हणाले, अगं पण खरं आहे की, घरीपण तू तेच करतेस.

२९ ऑक्टोबरला घड्याळं एक तास मागे गेली आणि मग अंधार सुरू. डिसेंबरात पावणेनऊच्या पुढे उजाडायचं, पावणेचारच्या आत मावळायचं. सकाळचं लेक्चर अंधारात सुरू, पोरं टेबलावर मेणबत्त्या लावायची, एरवीच्या बुधवारीसुद्धा. माझ्या सहकारी बाईंनी सप्टेंबरातच सांगितलं होतं, डी व्हिटॅमिनच्या गोळ्या घे आणि रोज दुपारी बारा ते एक बाहेर पड, पाऊस असला तरी. ऐका. मी नोव्हेंबरात तीन आठवडे ऐकलं नाही तर रविवारी दुपारी विनाकारण रडायला यायला लागलं. सायकल जुनी घेतली होती ९०० क्रोनरला, तिला पुढेमागे दिवे लावा, कायदा आहे, आणि थांबताना हात वर करा नाहीतर मागचे ओरडतात.

३१ डिसेंबरला संध्याकाळी सहाला राणीचं भाषण होतं, कोलेगिएटच्या किचनमध्ये आम्ही सातआठ जणं टीव्हीपुढे. मला डॅनिश कळत नव्हतं, एकदम सगळे गप्प झाले आणि एका मुलीच्या हातातला काटा ताटलीत पडला. मार्गरेथ राणी १४ जानेवारीला सिंहासन सोडणार, बावन्न वर्षांनी. मला कोणी सांगेना काय झालं, दोन मिनिटं वाटलं युद्धच लागलं.

जानेवारीत परीक्षा, आणि मुख्य सांगायचं ते हेच. लेखी नाही, तोंडी. चार-चार जणांनी मिळून रिपोर्ट लिहायचा पण परीक्षा एकेकट्याची, पंचवीस मिनिटं, त्यातच निकाल. टेबलावर हिरवं कापड, एका बाजूला मी, माझ्या शेजारी बाहेरून आलेला सेन्सॉर, म्हणजे आपला एक्स्टर्नल. पण आपल्याकडे एक्स्टर्नलला जेवायला काय द्यायचं याची जेवढी काळजी असते तसं काही नाही, तो आपला डबा घेऊन आला होता. विद्यार्थी बोलतो, प्रश्न होतात, मग त्याला बाहेर पाठवून आम्ही दोघं ठरवतो, आणि त्याला आत बोलावून तोंडावर ग्रेड सांगायची, कारणासकट. ग्रेड सातच, १२, १०, ७, ४, ०२, ०० आणि चक्क वजा ३. शेवटचे दोन नापास.

पहिल्या मुलीला मी १० म्हटलं. सेन्सॉर शांतपणे म्हणाला, बरं, कशावरून? मी म्हटलं छान बोलली, कष्टाळू आहे. तो म्हणाला, कष्टाळू आहे हे मला दिसलं नाही, मला ही पंचवीस मिनिटं दिसली. कोर्सची उद्दिष्टं काढ, कुठलं तिने दाखवलं, कुठलं नाही? ७ वर आलो. दुपारपर्यंत माझं गणित बसलं. ७ म्हणजे चांगलं, खरोखर चांगलं, आपल्यासारखं 'फक्त ७' नाही.

दुसऱ्या दिवशी एक मुलगा आला, ग्रुपमध्ये सगळ्यात धडपड्या, केकसुद्धा दोनदा आणलेला. रिपोर्टमधलं पाणी वाहून नेण्याचं गणित त्याच्याच वाट्याचं. मी विचारलं, हा पाइप ३०० मिलिमीटरचाच का घेतला? त्याला सांगता येईना. उलटसुलट, सोपं करून, तीन वेळा विचारलं. नाही. बाहेर गेल्यावर सेन्सॉरने वही बंद केली आणि माझ्याकडे बघितलं. ०२ द्यावा म्हणून मी पाच मिनिटं भांडले आणि भांडतानाच मला कळत होतं की द्यायला काही नाही.

आपल्याकडे पोरगं नापास होतं ते कागदावर. मार्कशीट येते, आपण तेव्हा दुसऱ्या वर्गात असतो. इथे तो आत आला, बसला, दोन्ही हात हिरव्या कापडावर. मी म्हटलं ००. का ते सांगितलं. कॉरिडॉरमध्ये त्याचे मित्र छोटा झेंडा आणि गोळ्यांची पिशवी घेऊन उभे होते, दाराच्या काचेतून दिसत होते. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग विचारलं, कुठला भाग परत वाचू? मी सांगितलं, त्याने लिहून घेतलं, टॅक म्हणाला आणि गेला. तीन संधी असतात, फेब्रुवारीत दुसरी होती. मी पॅन्ट्रीत जाऊन तिथली कडू कॉफी उभ्यानेच प्यायले. सेन्सॉर मागून आला आणि म्हणाला, पुढच्याला सात मिनिटं आहेत. मग आपल्या डब्यातलं अर्धं सफरचंद माझ्यापुढे धरलं.

जाताना नगरपालिकेला देश सोडत असल्याचं कळवायचं, डिपॉझिटसाठी खोली घासूनपुसून द्यायची (मी तरी २,००० क्रोनर गमावले, भिंतीवर खिळा मारला होता), पाण्याच्या-कोल्ड्रिंकच्या बाटल्या मशीनमध्ये टाकून पैसे घ्यायचे, एकेका बाटलीला एक ते तीन क्रोनर. माझ्या पाच महिन्यांच्या बाटल्यांचे ८६ झाले. सायकल विणकामवालीने ७०० ला घेतली, मोबाइलपेने.

फेब्रुवारीत सांगलीत पहिलं लेक्चर, तिसरं वर्ष, ७२ पोरं. मी विचारलं, आपल्या गावातली गटारं किती पावसाच्या हिशोबाने बांधलीत? शांतता. म्हटलं, तीन मिनिटं शेजारच्याशी बोला. भुणभुण सुरू झाली, छान पोळं भरलं. दहा मिनिटांनी ती थांबवायला डस्टर आपटावा लागला.